यंत्र भंगारात काढण्यापूर्वी



गाळप हंगाम आटोपला, शेवटची बंडी खाली झाली आणि बॉयलर थंडावला की आपल्या कारखान्यात काय सुरू होते हे आपणा सर्वांना ठाऊक आहे. मिल उघडतात. रोलर उचलतात, त्यांच्या मानेखालचे गनमेटलचे ब्रास मोजतात, घासलेले असतील ते बदलतात. वरच्या रोलरवर दाब देणाऱ्या हायड्रॉलिकची सील बदलतात. कॅरियरची साखळी कडीकडीने तपासतात. 'गेल्या हंगामात तर मिल चालली होती, मग आता कशाला उघडता?' असे कोणी कामगार म्हणत नाही आणि म्हटले तर चीफ इंजिनिअर त्याला उभा करणार नाहीत. ऑफ सीझनमध्ये जी मिल उघडली नाही ती ऐन डिसेंबरात, गव्हाणीसमोर बंड्यांची रांग लागलेली असताना बंद पडते, हे कारखानदारीतले पहिले पाठांतर आहे.

मग तेच आपण, त्याच कारखान्याचे मालक सभासद, आपल्या वावरातल्या यंत्राशी असे का वागतो? हा प्रश्न मी आधी स्वतःला विचारला. उत्तर देताना लाज वाटली. म्हणून हा लेख.

आमच्या गावच्या आम्ही सात कास्तकारांनी मिळून चार वर्षांपूर्वी एक जुने, साडेतीन टनी लहान खोदयंत्र घेतले. कंपनीच्या भाषेत मिनी एक्स्कॅव्हेटर, गावाच्या भाषेत 'छोटी पोकलेन'. घेण्याचे कारण आपल्यापैकी प्रत्येकाला पटेल. पैनगंगेच्या आणि पुसेच्या काठची आपली जमीन भारी काळी. पाणी मिळाले तसा ऊस आला, पण पाणी जिरायला वाट नसेल तर तीच जमीन पाणथळ होते, पांढरी फुटते आणि उसाची मुळे कुजतात. त्यावर उपाय एकच, तो म्हणजे धुऱ्याने खोल चर काढून पाण्याला नाल्यापर्यंत वाट करून देणे. मोठे यंत्र उभ्या उसाच्या सरीत शिरत नाही आणि त्याचे तासाचे भाडे ऐकून माणूस परत येतो. लहान यंत्र बांधावरून चालते, दोन उसांच्या मधल्या पट्ट्यात वळते. चर, पाटचारी, शेततळ्याचा गाळ, विहिरीचा काठ अशी सारी कामे त्याने केली. पहिली दोन वर्षे आम्ही सातही जण त्याच्याकडे नव्या बैलजोडीकडे पाहावे तसे पाहत होतो.

तिसऱ्या वर्षी बकेट हलायला लागली. दात चराच्या तळाला टेकले की बकेट डावी-उजवी डोले. चराची बाजू सरळ येईना. आमचा चालवणारा पोरगा म्हणाला, "भाऊ, एवढं तर चालतेच. पोकलेन हाय, घड्याळ थोडीच हाय." आम्हालाही ते पटले. पटायला सोयीचे होते ना!

चौथ्या वर्षी, रोहिणी लागायला आठ दिवस असताना, बूमच्या बुडाशी 'कडक' असा आवाज आला आणि यंत्र जागीच उभे राहिले. सात जणांच्या वावरातले चर अर्धे राहिले. अकरा दिवस यंत्र बंद. बाराव्या दिवशी पाऊस पडला. ज्याचे चर झाले नव्हते अशा दोघांच्या उसात त्या साली पाणी साचले. त्यातला एक मी.

बिघाड कुठून सुरू झाला?

यंत्र उघडल्यावर मिस्त्रीने मला जवळ बोलावले आणि भोकात बोट घालून दाखवले. "काका, हे भोक गोल नाई राह्यलं. अंडं झालं याचं."

त्याने मला जे समजावून सांगितले ते मी सभासदांना सांगतो, कारण हे समजले तर अर्धी दुरुस्ती झाली.

खोदयंत्राचा हात म्हणजे आपल्या हातासारखाच. खांदा, कोपर, मनगट. खांद्याशी बूम, कोपराशी आर्म, मनगटाशी बकेट. लहान यंत्रात आणखी एक सांधा असतो. यंत्राच्या तोंडाशी मोठा उभा खुंटा असतो, त्यावर पूर्ण हात डावी-उजवीकडे वळतो. या प्रत्येक सांध्यात एक कडक पोलादी पिन असते आणि ती पिन एका नळीत फिरते, तिला बुश म्हणतात. पिन महाग, बुश स्वस्त. म्हणून घासायचे असेल ते बुशाने घासावे, अशी रचना असते. बुश संपला की काढून फेकायचा, दुसरा घालायचा. आपल्या मिलमधले ब्रास हेच काम करतात. रोलरची मान वाचावी म्हणून ब्रास झिजतो.

पण दोन गोष्टी झाल्या की ही रचना कोलमडते. पहिली, ग्रीस न मिळणे. दुसरी अगदी क्षुल्लक दिसणारी. पिनेच्या डोक्याला एक लहानसा बोल्ट असतो. पिनेने बुशात फिरावे, पण बाहेरच्या कानांत फिरू नये म्हणून तो तिला धरून ठेवतो. आमच्या यंत्राचा तो बोल्ट केव्हातरी तुटला. कोणीतरी त्या जागी तार गुंडाळली. कोणी, ते आजतागायत कळले नाही. सातही जण म्हणतात, मी नाही. तार तुटली, पिन कानांत फिरू लागली आणि ज्या जाड पोलादी कानांना कधीच झिजायचे नव्हते त्यांची भोके लांबट झाली. दहा-वीस रुपयांचा बोल्ट. त्यापायी नुसते पिन-बुश बदलून भागणारे काम यंत्राच्या मूळ सांगाड्यापर्यंत गेले.

'एका मिलिमीटरने काय होते' असे म्हणणाऱ्यांसाठी एक साधे गणित देतो. बूमच्या बुडाचा सांधा २० सेंटिमीटर रुंद धरा. त्यात पिनेला १ मिलिमीटर मोकळीक झाली. यंत्राचा हात ४ मीटर लांब पसरला म्हणजे सांध्याच्या रुंदीच्या २० पट झाला. म्हणजे बुडाच्या १ मिलिमीटरचे बकेटच्या टोकाशी २० मिलिमीटर होतात. आणि हे झाले एकाच सांध्याचे. बाकीच्या सांध्यांची ढिलाई त्यात मिळवा. शिवाय ढिल्या सांध्यात पिन नुसती फिरत नाही, दर खेपेस आदळते. हातोड्याचे घाव बसावे तसे घाव दर मिनिटाला बसतात. म्हणून झीज पहिल्या मिलिमीटरला वर्ष लावते, दुसऱ्याला एखादा महिना पुरतो.

आपल्या वाडवडिलांना हे शिकवावे लागले नव्हते. बंडीच्या खाली वंगणाचे नळकांडे टांगलेले असे. बाजाराला निघण्यापूर्वी चाक काढून आसाला वंगण लागले नाही तर बापाची शिवी बसे. बंडी करकरली की गावभर कळे की या घरचा माणूस आळशी आहे. यंत्र आले, त्याबरोबर वंगणाचे ते नळकांडे का गेले?

ग्रीस हे काम आहे, मेहेरबानी नव्हे

या बाबतीत माझे स्पष्ट मत आहे, ते कोणाला कडू लागले तरी लिहितो. दोष चालवणाऱ्या पोराचा नाही, आपला मालकांचा आहे. आपण त्याला खोदाईच्या तासाचे पैसे देतो. ग्रीस मारायच्या वीस मिनिटांचे देत नाही. मग तो ती वीस मिनिटे स्वतःच्या खिशातून का घालील? चालू कामात दर आठ-दहा तासांनी प्रत्येक निपलला ग्रीस गेलेच पाहिजे, पाण्यात-चिखलात काम असेल तर त्याहून लवकर. काळा चिखल वाळला की तो पिनेच्या फटीत कानसासारखा काम करतो. ताजे ग्रीस आत गेले की जुने ग्रीस त्या चिखलासकट बाहेर ढकलते. सांध्याच्या कडेला ग्रीसची गोल कडा दिसली पाहिजे. निपल बुजले असेल आणि गनमधून ग्रीस बाहेरच सांडत असेल, तर ते ग्रीस मारल्यात जमा नाही. आणि ग्रीस मारताना बकेट जमिनीवर टेकवून सांध्यावरचा भार काढा, म्हणजे ते पिनेच्या चोहोबाजूंनी पसरते. भार असलेल्या बाजूला ते शिरतच नाही, आणि झीज नेमकी त्याच बाजूला असते.

आम्ही आता एक वही केली आहे. दोनशे पानी, शाळेची. यंत्र ज्याच्या वावरात जाईल त्याने संध्याकाळी तास लिहायचे, ग्रीस मारले का ते लिहायचे आणि सही करायची. ग्रीसची वीस मिनिटे तासात धरून पोराला पैसे मिळतात. वही आल्यापासून तार गुंडाळण्याचे धाडस कोणी केलेले नाही.

सात जणांचे यंत्र म्हणजे कोणाचेच नाही, असा बारभाई कारभार आमच्यात चालला होता. सहकाराच्या नावाने आपण भाषणे पुष्कळ ऐकली. १९५० साली प्रवरेला पहिला सहकारी साखर कारखाना उभा राहिला त्याची कहाणी आपण पोरांना सांगतो. पण एका ग्रीस गनवर सात जणांचा सहकार टिकला नाही, हे मी कबूल करतो. मोठ्या संस्था कशाने मोडतात ते मला आमच्या छोट्या पोकलेनने शिकवले. आपल्या जिल्ह्यातल्या सहकारी कारखान्यांनी बंद पडण्याचे दिवसही पाहिले आहेत. उभ्या यंत्राला गंज कसा धरतो हे यवतमाळच्या कास्तकाराला बाहेरच्याने येऊन सांगायला नको.

जॅक आणि सील

आता हायड्रॉलिकविषयी. पुष्कळांना ही जादू वाटते, म्हणून तिकडे कोणी पाहत नाही. त्यात जादू काही नाही. हापशाच्या दांड्याच्या टोकाला चामड्याचा वायसर असतो तो आपण सर्वांनी बदलला आहे. वायसर फाटला की कितीही हापसा, पाणी वर येत नाही. हायड्रॉलिक जॅक हे त्याचेच थोरले भावंड. इंग्लंडमध्ये जोसेफ ब्रामा याने १७९५ साली पाण्याच्या दाबावर चालणाऱ्या प्रेसचे पेटंट घेतले. त्या प्रेसची अडचण गळतीची होती आणि ती सोडवली गेली चामड्याच्या वाटीसारख्या वायसरने, जो दाब वाढला की आपोआप अधिक घट्ट बसे. आजची रबरी सील त्याच वंशातली. पुढे १९६१ साली फ्रान्सच्या पोक्लेन कंपनीने सर्वस्वी हायड्रॉलिकवर चालणारे, पूर्ण गरगर फिरणारे खोदयंत्र काढले. त्या कंपनीची यंत्रे आपल्या देशातही लार्सन अँड टुब्रोने बनवली. कंपनीचे नाव आपल्या तोंडी असे बसले की आजही साखळीवर चालणारे कुठल्याही कंपनीचे यंत्र आपल्याला 'पोकलेन'च!

जॅकमध्ये जोर किती असतो? दट्ट्याचा व्यास ८० मिलिमीटर म्हणजे क्षेत्रफळ सुमारे ५० चौरस सेंटिमीटर. तेलाचा दाब दर चौरस सेंटिमीटरला २०० किलो धरा. जोर झाला १०,००० किलो, म्हणजे १० टन. आपल्या मनगटाएवढ्या नळीतून दहा टनांचा जोर निघतो, आणि तो अडवून धरते रबराची एक कडी. त्या कडीचे वैरी दोन. एक धूळ, दुसरा खरवडलेला दांडा.

जॅकचा दांडा आरशासारखा चकचकीत असतो, कारण त्यावर कडक क्रोमचा थर असतो. दगड लागून त्यावर खड्डा पडला किंवा पावसाळ्यात उघडा राहून गंजाचे ठिपके आले, की दर खेपेला ती धार सीलला कापते. अशा दांड्यावर नवे सील बसवणे म्हणजे फाटक्या पोत्यात धान्य भरणे. आम्ही हेच केले होते. पहिले सील किट घातले, पंधरा दिवसांत गळू लागले. 'डुप्लिकेट माल' म्हणून दुकानदाराला बोल लावला. दुसऱ्यांदा मिस्त्रीने दांड्यावरून नख फिरवून दाखवले. नख अडले. दोष दांड्याचा होता. दांडा घासून त्यावर पुन्हा क्रोम चढवून आणला तेव्हा गळती थांबली. सील बदलण्यापूर्वी दांड्यावर नख फिरवावे, एवढा एक धडा जरी वाचकांनी घेतला तरी या लेखाची जागा वाया गेली नाही असे मी समजेन.

बाहेर तेल न गळताही जॅक आतून गळू शकतो. त्याची परीक्षा सोपी आहे. मोकळ्या, सपाट जागी बकेट भरून बूम वर धरा, इंजिन बंद करा, दांड्यावर खडूने खूण करा आणि दूर उभे राहून दहा मिनिटे पाहा. खूण सरकली तर आत गळती आहे. मात्र ती जॅकमध्ये आहे की व्हॉल्व्हमध्ये, हे मिस्त्रीला ठरवू द्या. व्हॉल्व्हचा दोष असताना जॅक खोलून ठेवण्यात अर्थ नाही.

तेलाच्या स्वच्छतेविषयी एकच सांगतो. पंपाच्या आतली फट केसाच्या जाडीहून कितीतरी बारीक असते. वावरात, वारा सुटलेला असताना, मातीच्या हाताने होज पाइप खोलणे म्हणजे पंपाला वाळू चारणे. जोड खोलण्यापूर्वी पुसा, खोलल्याबरोबर तोंडाला स्वच्छ बूच लावा, चिंध्या कोंबू नका.

हा परिच्छेद घरातल्या तरण्या पोरांना वाचून दाखवा

गेल्या उन्हाळ्यात माझा पुतण्या वर धरलेल्या बूमखाली वाकून बकेटची पिन ठोकत होता. इंजिन बंद होते, म्हणून त्याला वाटले धोका नाही. जुना होज पाइप फुटला. बूम खाली आली ती त्याच्या पाठीपासून वीतभर अंतरावर. तो सावलीत जाऊन बसला आणि तासभर कोणाशी बोलला नाही. घरी वहिनीला आम्ही अजून सांगितलेले नाही. आता या पत्रिकेतून कळेल, कळू द्या.

इंजिन बंद म्हणजे दाब बंद नव्हे. वर उचललेला हात फक्त तेलाने तोलून धरलेला असतो. म्हणून काम करण्यापूर्वी बूम आणि बकेट जमिनीला टेकवा, इंजिन बंद करून सगळे दांडे दोन-चारदा मागे-पुढे हलवून उरलेला दाब मोडा, आणि हात वर ठेवूनच काम करणे भाग असेल तर खाली पक्का लोखंडी टेकू द्या. जॅक हा टेकू नव्हे.

दुसरी गोष्ट. होज पाइपवर सुईएवढे छिद्र पडले की तेलाची जी बारीक धार निघते ती डोळ्याला नीट दिसत नाही, पण कातडीतून आत शिरते. गळती हाताने चाचपू नका, पुठ्ठ्याचा तुकडा फिरवून पाहा. आणि धार लागलीच तर जखम टाचणीएवढी दिसते म्हणून हळद लावून घरी बसू नका. त्याच घटकेला शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरकडे न्या आणि 'दाबाचे तेल आत गेले आहे' हे स्पष्ट सांगा. उशिराने बोट, कधी हात जातो.

काय गावात करावे, काय करू नये

'सगळे कंपनीकडेच न्या' म्हणणारे आहेत, आणि 'आपला लेथवाला सगळे करतो' म्हणणारेही आहेत. दोघेही अर्धे बरोबर आहेत.

आमची पहिली दुरुस्ती ज्याने केली त्याने घासलेल्या पिनेवर वेल्डिंग चढवून ती लेथवर उतरवली आणि जुन्याच बुशात घातली. स्वस्तात काम झाले म्हणून आम्ही खूष. वीस दिवस टिकले. पिनेचा कडकपणा भट्टीच्या पाण्याने आलेला असतो, तो वेल्डिंगच्या उष्णतेने गेला. वर चढवलेले लोखंड मऊ. पिनेने बुश खाल्ला आणि बुशाने पिन.

दुसऱ्या मिस्त्रीने रीतसर केले. जुना बुश घणाने ठोकला नाही. त्याच्या आतल्या अंगाने वेल्डिंगची एक रेघ ओढली. थंड होताना ती आकसली, तिच्याबरोबर बुश आकसला आणि हलक्या ठोक्याने बाहेर आला. लांबट झालेली कानांची भोके वेल्डिंगने भरली आणि बोरिंगचा फिरता दांडा दोन्ही कानांतून एकदम ओवून, एका रेषेत पुन्हा गोल कापली. एकेक कान वेगवेगळा कापला असता तर पिन तिरपी बसली असती आणि नवा बुश महिन्यात गेला असता. नवे बुश रात्रभर डीप फ्रीजमध्ये ठेवले, सकाळी ते किंचित आकसलेले होते, दाबून बसवले. बसवताना ग्रीसचे भोक निपलसमोर येते की नाही ते आधी खुणेने पाहून घेतले. कडेच्या फटीत मापाचे वायसर घातले. वेल्डिंग करताना बॅटरी सोडून ठेवली आणि अर्थिंगचा चिमटा कामाच्या अगदी जवळ लावला, नाहीतर करंट सांध्यांतून आणि जॅकमधून फिरतो आणि त्यांना डागतो. या कामाला आम्हाला पहिल्या दुरुस्तीच्या कितीतरी पट पैसे लागले. तरी नव्या यंत्राच्या हप्त्यांपुढे ते काहीच नव्हते, आणि त्यानंतर एक पूर्ण हंगाम गेला, सांधा घट्ट आहे.

म्हणून माझे मत असे. पिन, बुश, वायसर, कानांचे बोरिंग, दांड्याचे क्रोम, सील किट ही कामे जिल्ह्यात, चांगल्या कारागिराकडून, योग्य पोलादात आणि मोजमाप लिहून करून घ्यावीत. हायड्रॉलिक पंप आणि व्हॉल्व्हचा गट्टू मात्र झाडाखाली खोलू नये, त्याला साधने आणि स्वच्छ खोली लागते. आणि यंत्र विकणाऱ्यांनीही आपले कर्तव्य केले पाहिजे. पिनेचे माप, पोलादाची जात, सीलचा नंबर हे सांगायला ते खळखळ करतात. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ साली 'दुरुस्तीचा हक्क' हा विषय हाती घेऊन त्यासाठी पोर्टल सुरू केले, त्यात शेती अवजारांचाही समावेश आहे. ज्याने पैसे मोजून यंत्र घेतले त्याला ते दुरुस्त करण्यापुरती माहिती मागण्याचा अधिकार असला पाहिजे. यंत्र घेतानाच दुरुस्तीचे पुस्तक मागा. ते मिळाल्याशिवाय सही करू नका.

संचालक मंडळाला विनंती

लेखाचा शेवट नुसत्या उपदेशाने करणार नाही. आपल्या कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये लेथ आहेत, वेल्डर आहेत, आणि पिन, ब्रास, बुश यांचे काम ज्यांच्या हाताखालून वर्षानुवर्षे गेले असे टर्नर-फिटर आहेत. मिलचे ओव्हरहॉलिंग आधी, यात दुमत नाही. पण ते आटोपल्यावर आणि बॉयलर पेटण्यापूर्वी काही ठरावीक दिवस सभासदांच्या यंत्रांसाठी राखून ठेवावेत. खोदयंत्राचे पिन-बुश, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचा हूक, ऊसतोडणी यंत्राचे सांधे ही कामे त्या दिवसांत व्हावीत. फुकट नको. माल आणि मजुरी रीतसर आकारावी आणि सभासदाची संमती घेऊन ऊसबिलातून कपात करावी. खताची, बियाण्याची कपात होते तशीच ही. आयटीआय झालेली आपल्याच सभासदांची पोरे या दिवसांत हाताखाली घ्यावीत. पुण्या-मुंबईला जाऊन दुसऱ्याच्या यंत्राला ग्रीस मारण्यापेक्षा त्यांनी येथे चार गावांची यंत्रे उभी ठेवली तर जिल्ह्याचे भले होईल.

'वर्कशॉप कारखान्याचे आहे, धर्मशाळा नव्हे' असा आक्षेप येईल. तो मी गंभीरपणे घेतो. वशिल्याने काम पुढे सरकू लागले तर ही योजना पहिल्याच वर्षी बुडेल. म्हणून नोंदवहीत ज्याचा नंबर आधी, त्याचे काम आधी, मग तो संचालक असो की पाव एकराचा सभासद. एवढे पाळता येणार नसेल तर योजना सुरूच करू नये, हेही मी येथेच लिहून ठेवतो.

आमच्या सातांपैकी दोघांचे मत यंत्र भंगारात द्यावे असे होते. भंगारवाला येऊन वजनाचा भावही सांगून गेला होता. त्या दिवशी आम्ही धुऱ्यावर बसून बराच वेळ भांडलो. आज तेच दोघे वहीवर सर्वांत नियमित सह्या करतात. यंदाचे चर रोहिणीच्या आधी पुरे झाले आहेत.

सभासद बंधूंनो, हा अंक हातावेगळा केल्यावर आपापल्या यंत्रापाशी एकदा जा. बकेट जमिनीपासून थोडी वर धरा, इंजिन बंद करा आणि बाजूला उभे राहून पहारीच्या टोकाने ती हलवून पाहा. ढिली लागली तर या महिन्यातच काम काढा. पाऊस आपल्यासाठी थांबत नाही.

आपला,
एक ऊस उत्पादक सभासद
(उमरखेड तालुका, जि. यवतमाळ)